स्विचवर टीएफटीपी: सोय की आळस?

कन्सोलवाला (धागाकर्ता)
आमच्याकडे ४० सिस्को कॅटॅलिस्ट नेटवर्क स्विच आहेत. दर शुक्रवारी प्रत्येकाचं कॉन्फिग (सेटिंगची फाइल) टीएफटीपीनं, म्हणजे फाइल पाठवायच्या साध्या जुन्या प्रोटोकॉलनं, एका लिनक्स मशीनवर जातं. एक कमांड, सर्व्हरचा आयपी, एंटर. आता ऑडिटर म्हणतो, हे बंद करून एससीपी (एसएसएचच्या एन्क्रिप्टेड जोडणीतून फाइल पाठवणं) लावा. मॅनेजमेंटचं व्हीलॅन (स्विच सांभाळायचं आभासी नेटवर्क) वेगळं आहे, तिथे कान लावून कोण बसणार? चालत्या गाड्याला खीळ कशाला?

रात्रपाळी
ज्याला त्या व्हीलॅनचा एक पोर्ट मिळेल तो बसेल. टीएफटीपीत ना युजरनेम, ना पासवर्ड; फाइलचं नाव कळलं की काम झालं. आणि नाव ओळखायला अक्कल कशाला हवी? स्विच स्वतःच होस्टनेमपुढे ‘-कॉन्फग’ लावून नाव सुचवतो, आपण एंटर मारतो. आत सिस्कोच्या ‘टाइप ७’ या कच्च्या पद्धतीनं झाकलेले पासवर्ड, जे सेकंदात उलटतात. एप्रिल २०१८ मध्ये अमेरिका आणि ब्रिटननं मिळून इशारा दिला होता, आठवतंय? स्मार्ट इन्स्टॉलचा (नवा स्विच आपोआप सेट करायची सिस्कोची सोय) गैरवापर करून रशियन सरकारी हॅकर कॉन्फिग टीएफटीपीनंच बाहेर काढत होते.

कन्सोलवाला
तो दोष स्मार्ट इन्स्टॉलचा, ते आम्ही कधीच बंद केलंय. आणि इमेज (स्विचची ऑपरेटिंग सिस्टीम) उडालेला स्विच एससीपी बोलतो का हो? कितीतरी बूटलोडरना (स्विच सुरू करणारा छोटा प्रोग्रॅम) फक्त टीएफटीपी कळतं. जिथे तेही नाही तिथे कन्सोल केबलवरून एक्समोडेम: ९६०० बॉडला १० एमबीची फाइल जवळपास तीन तास. मी बसलोय तसा, चहाचा थर्मास घेऊन.

पॅचपॅनेल
बचावासाठी ठेवा की, नाही कोण म्हणतंय? पण दूरच्या शाखेला फर्मवेअर पाठवून बघा. ५१२ बाइट पाठवायचे, पोच येईपर्यंत थांबायचं, मग पुढचे ५१२. जाऊन-येऊन ५० मिलिसेकंद लागणाऱ्या लिंकवर २० एमबीला अर्ध्या तासाच्या वर जातो. ब्लॉकसाइज वाढवता येतो, पण सर्व्हरनंही तो मानला पाहिजे. शिवाय पोर्ट ६९ फक्त पहिल्या विनंतीपुरता. पुढे सर्व्हर भलत्याच पोर्टावरून बोलतो. फायरवॉलवर नुसता ६९ उघडून कपाळ बडवणारे मी खूप पाहिलेत. (त्यात एकदा मीही होतो.)

नवखा_ॲडमिन
दादा, माझ्या सर्व्हरवर बॅकअप लिहिलाच जात नव्हता. शेवटी फोल्डरला ७७७ (सगळ्यांना सगळ्या परवानग्या) दिलं.

रात्रपाळी
अरे देवा! सर्व्हर नवी फाइल बनवायला नकार देतो, ती एक जुनी शिस्त आहे. क्रिएटचा पर्याय चालू कर आणि फोल्डरची मालकी टीएफटीपीच्या युजरला दे. ७७७ आधी काढ.

कन्सोलवाला
बरं, कॉन्फिग एससीपीवर नेतो. पण सहा स्विचवर के९ (एन्क्रिप्शनवाली) नसलेली इमेज आहे, त्यांना एसएसएचच येत नाही. त्यांचं काय?

रात्रपाळी
के९ इमेज चढवा. हवी तर टीएफटीपीनंच चढवा, फक्त रीबूटआधी फाइलचा एमडी५ चेकसम जुळवून बघा.