'अपारंपरिक', 'नवीकरणीय', 'अक्षय': कोयनेची वीज नेमकी कशात बसते?

सातारा (मूळ प्रश्न)

मुलगी आठवीत आहे. ऊर्जास्रोतांवरच्या चाचणीत प्रश्न होता: कोयनेची जलविद्युत कोणत्या प्रकारची? तिनं लिहिलं, 'अपारंपरिक आणि नवीकरणीय'. 'नवीकरणीय'ला गुण मिळाला, 'अपारंपरिक'वर फुली. ती घरी येऊन मला विचारते, "आई, पारंपरिक म्हणजे संपणारी आणि अपारंपरिक म्हणजे न संपणारी ना? मग पाऊस दरवर्षी पडतो तर कोयना पारंपरिक कशी?" मला उत्तर देता आलं नाही, कारण शाळेत असताना मीही हेच पाठ केलं होतं.

या दोन जोड्या समानार्थी आहेत का? आणि वाचायला बसले तर एकाच गोष्टीला नवीकरणीय, पुनर्नवीकरणीय, नूतनीकरणक्षम, अक्षय असे चार शब्द सापडले. मुलीनं कोणता लिहावा? जाता जाता, 'पारंपरिक' की 'पारंपारिक' हेही सांगा.

सांगली (निवृत्त संस्कृत शिक्षक)

ताई, शेवटचं आधी संपवतो. परंपरा + इक, म्हणून 'पारंपरिक'. पहिल्या स्वराची वृद्धी होते, मधल्या 'प'ला काना येत नाही. तसंच 'स्रोत' लिहा, 'स्त्रोत' नको. तो शब्द 'स्रु' म्हणजे वाहणे या धातूपासून आला आहे, त्या धातूत 'त' नाही. दुकानाच्या पाट्यांपासून सरकारी जाहिरातींपर्यंत दोन्ही चुका इतक्या रुळल्या आहेत की मुलांना दोष देववत नाही.

आता मुख्य शब्द. 'नवीकरण' म्हणजे जे नवं नव्हतं ते नवं करणं. त्याला 'अनीय' लागला की 'नवं करण्याजोगं'. व्याकरणात शब्द निर्दोष आहे. पण त्यात 'करणं' आहे, आणि करणं म्हटलं की कर्ता आला. परवान्याचं नवीकरण माणूस करतो. वाऱ्याचं, पावसाचं, उन्हाचं नवं होणं आपल्या हातात नाही, ते आपोआप होतं. म्हणून हा शब्द मला जरा उसना वाटतो. केंद्राच्या मंत्रालयाच्या हिंदी नावातून तो आपल्या अंगवळणी पडला. 'पुनर्नवीकरणीय'मध्ये 'पुन्हा' दोनदा सांगितल्यासारखं होतं, कारण नवं करणं यातच पुन्हा आलं. 'नूतनीकरण' मराठीत घराच्या डागडुजीला आणि वर्गणीला इतकं चिकटलंय की ते उन्हाला लावताना मन कचरतं.

'अक्षय'बद्दल मात्र थांबून बोलायला हवं. पाणिनीचं एक सूत्र आहे, 'क्षय्यजय्यौ शक्यार्थे'. ज्याचा क्षय होऊ शकतो ते 'क्षय्य'. त्यामुळे 'अक्षय' म्हणजे क्षय नसलेला आणि 'अक्षय्य' म्हणजे ज्याचा क्षय करताच येणार नाही असा. अक्षय्यतृतीयेला आपण जोडाक्षर लिहितो ते उगीच नाही. सूर्याला 'अक्षय्य' म्हणायला माझी हरकत नाही. माणसाच्या हिशेबात तो संपत नाही. पण जंगलाला? विहिरीला? ते पुन्हा भरतात, पण उपसा वाढवला तर संपतातही. २० ऑगस्टला 'अक्षय ऊर्जा दिवस' साजरा होतो. शब्द गोड आहे, पण जळाऊ लाकडाला तो लावला तर खोटं आश्वासन होईल.

विटा (वीज क्षेत्रातून निवृत्त अभियंता)

सरांनी शब्द उघडून दाखवला, मी त्याची सरकारी वाट सांगतो, कारण गोंधळ तिथून आला आहे.

१९८२ साली केंद्रात एक विभाग निघाला. त्याच्या नावात 'अपारंपरिक' होतं. १९९२ मध्ये त्याचं मंत्रालय झालं, नाव तेच राहिलं. २००६ मध्ये नाव बदलून 'नवीन आणि नवीकरणीय ऊर्जा' झालं. नाव बदललं, पण पाठ्यपुस्तकं, गाईडं आणि भाषणं जुन्या शब्दावरच राहिली. दोन्ही शब्द एकाच खात्याला लागले म्हणून लोकांनी त्यांना एकच मानलं.

पण दोघांचे प्रश्न वेगळे आहेत. 'पारंपरिक की अपारंपरिक' हा रुळलेपणाचा प्रश्न आहे: ही ऊर्जा मोठ्या प्रमाणावर वापरायची पद्धत जुनी की नवी? 'नवीकरणीय की अनवीकरणीय' हा साठ्याचा प्रश्न आहे: वापरलेलं परत भरतं का, आणि आपल्या आयुष्यात भरतं का? कोळसा पारंपरिक आहे आणि अनवीकरणीय आहे, तिथे दोन्ही उत्तरं जुळली. पवनचक्की अपारंपरिक आहे आणि नवीकरणीय आहे, तिथेही जुळली. बहुतेक शिक्षक हीच दोन उदाहरणं देतात, म्हणून समानार्थीपणाचा भास होतो. आता शेणी (गोवऱ्या) घ्या. त्यांच्याइतकं पारंपरिक काही नाही, आणि त्या नवीकरणीय आहेत. उलट टोकाला युरेनियम. अणुऊर्जा जुन्या वर्गीकरणांत अपारंपरिकात बसवली गेली, पण युरेनियम खाणीतून येतं आणि एकदा वापरलं की परत भरत नाही.

कोयना याच फटीत सापडली. पहिला टप्पा १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला चालू झाला, आज चारही टप्पे आणि पायथा वीजगृह मिळून १९६० मेगावॅट. धरणाची वीज तेव्हाच रुळलेली होती, म्हणून पारंपरिक. पाणी पावसाचं, म्हणून नवीकरणीय. तुमच्या मुलीच्या पेपरवरची फुली माझ्या मते बरोबर आहे, ताई, पण तिचा प्रश्न त्या फुलीपेक्षा मोठा आहे. आणि गंमत पाहा, केंद्राच्या हिशेबात २५ मेगावॅटपेक्षा मोठी जलविद्युत मार्च २०१९ पर्यंत नवीकरणीयात धरलीच जात नव्हती. त्या महिन्यात मंत्रिमंडळानं निर्णय घेतला आणि ती त्या यादीत आली. धरण तेच, पाणी तेच, शब्द बदलला.

नवीकरणीय म्हणजे फुकट किंवा निर्दोष असंही समजू नका. कोयनेचं पाणी मुळात कराडला कृष्णेला मिळणारं. ते घाटाखाली पोफळीकडे सोडलं की वीज होते आणि पुढे वाशिष्ठीतून समुद्राला जातं. कृष्णा पाणीतंटा लवादानं असं वर्षाला ६७.५ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी पश्चिमेला वळवायची मुभा दिली. धरणात गावं गेली, त्यांच्या पुनर्वसनाचे प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या चालले. पण फायदाही असा आहे की औष्णिक संच थंड असला तर चालू व्हायला तास लागतात, कोयनेचा संच काही मिनिटांत चालू होतो. संध्याकाळी सगळ्या महाराष्ट्रात एकदम दिवे लागतात तेव्हा ही गोष्ट किती मोलाची आहे ते मी नोकरीत पाहिलंय.

कराड

सरांना 'नवीकरणीय' उसना वाटतो ना, मग आमच्या शेतातला शब्द घ्या: खोडवा. ऊस तोडला, खोड राहिलं, पाणी दिलं की त्याच खोडातून परत फुटवा. नवीन लागण नाही. याहून नीट समजावणारं उदाहरण मला सुचत नाही. आणि खोडव्याची मर्यादाही त्यातच आहे. खोडवा झाला, निडवा (खोडव्याचा खोडवा) झाला, त्यापुढं एकरी उतारा घटत जातो. परत फुटतं म्हणजे कितीही फुटतं असं नाही.

आमच्या वडिलांचं गुऱ्हाळ होतं. रस काढून राहिलेलं चिपाड अंगणात वाळवायचं आणि चुलवाणात घालायचं. त्याच उसाच्या जळणावर त्याच उसाचा रस आटायचा, बाहेरून जळण लागायचं नाही. कारखान्यात त्याच चिपाडाला बगॅस म्हणतात आणि त्यावर वीज करण्याला 'सहवीजनिर्मिती'. उसाच्या वजनाच्या तीसेक टक्के बगॅस निघतं. तोटा सांगायचा तर हंगाम संपला की बगॅस संपतं, आणि उसाला पाणी किती लागतं ते इथं कुणाला सांगायला नको.

कोळशाबद्दल एक. आपल्याकडं 'लोणारी कोळसा' आणि 'दगडी कोळसा' असे दोन वेगळे शब्द पहिल्यापासून आहेत. लोणारी म्हणजे लाकूड भट्टीत कमी हवेत जाळून केलेला. झाड परत लावलं तर तो परत मिळतो. दगडी परत मिळत नाही. मुलांना नुसतं 'कोळसा' न शिकवता हे दोन शब्द शिकवले तर निम्मा धडा तिथंच समजेल.

सांगली (निवृत्त संस्कृत शिक्षक)

'खोडवा' फार आवडला, दादा. शिक्षक असताना सुचायला हवा होता.

दगडी कोळशाचं शास्त्रीय कुळ 'जीवाश्म इंधन', म्हणजे जीव + अश्म, जिवाचा झालेला दगड. हा शब्द मराठीनं मनापासून स्वीकारावा असा आहे, त्यात सगळी कहाणी आहे. भारतातला बहुतेक कोळसा पंचवीस-तीस कोटी वर्षांपूर्वीच्या दलदलीतल्या वनस्पतींचा. आपल्या सातारा-सांगलीच्या पायाखाली काळा पाषाण आहे, लाव्हारसाचा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा. म्हणून इथं कोळशाच्या खाणी नाहीत, त्या चंद्रपूर-वणीकडे. कोटी वर्षं लागणारी गोष्ट 'परत भरत नाही' असंच म्हणायला हवं, जरी भूगर्भात ती क्रिया कुठेतरी चालू असली तरी.

आणि 'अनवीकरणीय' फोडताना अ + नवीकरणीय असा फोडा. मुलं 'अन्' वेगळा काढतात.

पाटण

मी वरती सड्यावर पवनचक्क्यांच्या देखभालीचं काम करतो. पठाराला आमच्याकडं 'सडा' म्हणतात, सडावाघापूरच्या नावातच आहे. वनकुसवडे, चाळकेवाडी, ठोसेघर, सगळा सडा पात्यांनी भरलाय.

शब्दाची शंका मलाही आहे. चक्की म्हटलं की दळण आलं, इथं दळत काहीच नाही. लहान पोरं 'पंखा' म्हणतात. पण पंखा वीज खाऊन वारा देतो आणि हे वारा खाऊन वीज देतं. तरी मी 'पवनचक्की'च म्हणतो, कारण डोळ्यांपुढं तीच उभी राहते. शब्द रुळला की आतलं दळण कुणी पाहत नाही.

वाऱ्याचं गणित असं की वेग दुप्पट झाला तर त्यातली ताकद आठपट होते. म्हणून जून ते सप्टेंबर आमच्या सुगीचे दिवस. हिवाळ्यात पाती कित्येकदा नुसती उभी. जळण लागत नाही, धूर नाही, राख नाही, हे खरं. पण सड्यावर काहीच बिघडत नाही असं मी म्हणणार नाही. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी चाळकेवाडीला अभ्यास केला, तो २०१८ मध्ये छापून आला. पवनचक्क्या नसलेल्या भागात शिकारी पक्षी जवळपास चौपट दिसले. घारी-ससाणे कमी झाले म्हणून पवनचक्क्यांखाली सरडे वाढले, त्यांच्या अंगातला ताण कमी झाला आणि नरांच्या गळ्याखालच्या पंख्यासारख्या कातडीचे रंग फिके पडले. शब्दचर्चा आहे म्हणून सांगतो, त्या सरड्याच्या प्रजातीगटाचं शास्त्रीय नावच 'सरडा' या आपल्या शब्दावरून ठेवलंय, २०१६ साली. हे कळल्यापासून मी सड्यावर चालताना खाली बघून पाय टाकतो.

जत

मी शेतकरी बाई आहे, तुमच्याएवढं व्याकरण येत नाही. पण उन्हाला 'अपारंपरिक' म्हणणं मला मान्यच नाही. उन्हाळ्यात गच्चीवर पापड, कुरडया, शेंगा, मिरच्या घालतो ते वाळवण म्हणजे काय आहे? आमच्या आजीच्या आजीनं हेच केलं. तासगाव भागात द्राक्षाचा बेदाणा शेडमध्ये सावलीत, कोरड्या वाऱ्यावर सुकवतात. त्याला ना मीटर ना बिल. ऊन-वारा जुनेच, सोलरचे पत्रे आणि वायरी नव्या. मग नवं कशाला म्हणायचं, उन्हाला का पत्र्याला?

आमच्याकडं सोलर पंप बसलाय. सगळ्यात मोठा फायदा लिहा: दिवसा पाणी. शेतीची लाईट रात्रपाळीला असायची तेव्हा घरचे बॅटरी घेऊन दार मोडायला (पाणी दुसऱ्या सरीत वळवायला) जायचे, साप-विंचवाचं भ्या. आता ते नाही. पण आभाळ आलं की पंप मंद चालतो, आणि रात्री पाणी द्यायचं ठरवलं तर देता येत नाही.

मुलीला सांगायचं तर मी असं सांगेन. झऱ्याचं पाणी आणि रांजणातलं पाणी. झऱ्यातनं घ्या, रात्रीत परत भरतं. रांजणातलं घेतलं तेवढं गेलं. कोळसा, डिझेल, गॅस रांजणातले. फक्त झऱ्याला त्याच्या वेगानं भरू द्यायचं.

सातारा (मूळ प्रश्न)

सर, काका, दादा, ताई, सगळ्यांचे आभार. काल रात्री मुलीला सगळं वाचून दाखवलं. झरा आणि रांजण तिला लगेच पटलं. उन्हाचा जुनेपणा वाचून ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, "आई, पेपरात पत्र्याबद्दल विचारतात, उन्हाबद्दल नाही."

शब्दाचं आम्ही असं ठरवलं: परीक्षेत 'नवीकरणीय', कारण पुस्तकात तोच आहे. घरी 'परत भरणारी'.

विट्याच्या काकांचं बोलणं तिनं वहीत चार चौकोन करून मांडलं. आडवे दोन जुनी-नवीचे, उभे दोन भरणारी-न भरणारीचे. कोयना, शेणी आणि चिपाड एका चौकोनात, दगडी कोळसा आणि डिझेल दुसऱ्यात, पवनचक्की आणि सोलर पंप तिसऱ्यात, युरेनियम एकटं चौथ्यात. मग आजोळचा गोबरगॅस आठवला. शेण जुनं, टाकी आणि शेगडी नवी. बराच वेळ पेन्सिल तोंडात धरून बसली आणि शेवटी तिनं तो पहिल्या आणि तिसऱ्या चौकोनाच्या मधल्या रेघेवर लिहून ठेवलाय.