शुक्रवारचा डबा आणि ऑफिसातलं कुत्रं

परदेशातल्या आपल्या कोल्हापूरकर मंडळातल्या सगळ्यांना नमस्कार,

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या आमच्या ऑफिसात बावीस माणसं आहेत. पुढच्या महिन्यापासून दर शुक्रवारी पाळीव कुत्री आणायला परवानगी द्यायची म्हणतोय. त्याच दिवशी सगळ्यांचं एकत्र जेवण असतं. ज्वारीची भाकरी, झुणका, मटकीची उसळ, खर्डा, दही, आणि महिन्यातून एकदा मटणाचा तांबडा-पांढरा रस्सा. हा बेत खरंच पौष्टिक आहे का? आणि त्यातला घास कुत्र्याला चालतो का? सगळे म्हणतात, घरचं जेवण आहे, काय होतंय. नियमावली इथूनच लिहून पाठवायची आहे, म्हणून नेमकं सांगा.

राजारामपुरीचं ऑफिस

---

> घरचं जेवण आहे, काय होतंय

होतं, आणि कोल्हापूरच्या जेवणानं जरा जास्तच होतं, कारण आपल्याकडे चव बसते ती कांदा-लसूण मसाल्यावर. कांद्या-लसणातली गंधकयुक्त द्रव्यं कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतात. शिजवलं, तळलं तरी हा गुण जात नाही. वाळवल्यावर तर फक्त पाणी जातं आणि चमचाभर मसाल्यात कितीतरी कांदा दाटून बसतो. कच्च्या कांद्याचं प्रमाण वजनाच्या किलोमागे १५ ते ३० ग्रॅम झालं की रक्तात बिघाड दिसतो. म्हणजे दहा किलोच्या कुत्र्याला दीड ते तीन मध्यम कांदे पुरे. लसूण त्याहून जहाल. एकदम न खाता रोज थोडं थोडं खाल्लं तरी नुकसान साचत जातं.

घात होतो तो उशिरामुळे. रक्त कमी झाल्याची लक्षणं बहुधा काही दिवसांनी उठतात. हिरड्या पांढुरक्या पडतात, लघवी कोऱ्या चहासारखी होते, जिना चढताना धाप लागते. तोवर शुक्रवारचा रस्सा कुणाला आठवत नाही आणि कावीळ समजून उपचार सुरू होतात.

‘मग अळणी, म्हणजे मसाला घालण्याआधीचं मटणाचं पाणी, देतो’ असं लगेच कुणीतरी म्हणेल. पण अळणी शिजवतानाच मटणाला आलं-लसूण लावलेलं असतं, बहुतेक घरांत कांदाही. शिजलेलं हाड तर नकोच. ते टोकदार फुटतं आणि घशात नाहीतर आतड्यात रुततं.

शिऱ्यातले तासगावचे बेदाणे आणि ताजी द्राक्षं मूत्रपिंड निकामी करू शकतात. त्यामागे टार्टरिक आम्ल असावं असं आता मानलं जातं, आणि ते चिंचेतही भरपूर असतं. म्हणून मिसळीवरची चिंच-गुळाची चटणीही बंद. यातलं किती चालतं याची सुरक्षित मात्रा ठरलेली नाही.

परदेशातून कोल्हापूरला जाताना आपण जे नेतो, तेही पाहा. डार्क चॉकलेट आणि शुगर-फ्री च्युइंग गम. गममधल्या झायलिटॉलनं, म्हणजे साखरेऐवजी घालतात त्या गोड द्रव्यानं, कुत्र्याच्या रक्तातली साखर अर्ध्या तासात कोसळू शकते. किलोमागे ०.१ ग्रॅम एवढंही त्याला पुरतं. शेंगदाणा बटरच्या काही डब्यांतही ते असतं, लेबल वाचा. ऑफिसात बॅगा जमिनीवर ठेवायच्या नाहीत, एवढा एक नियम केलात तरी बरंच टळेल.

खाल्लंच तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका. त्या मिठानंच कुत्रं दगावू शकतं. काय खाल्लं, किती, किती वाजता आणि कुत्र्याचं वजन किती, हे चिठ्ठीवर लिहा, पाकीट सोबत घ्या आणि थेट दवाखाना गाठा. पहिल्या दोन तासांत उलटीचं इंजेक्शन उपयोगी पडतं.

चालतं ते असं : कोरडी भाकरी, साधा भात, बिनमिठाचं उकडलेलं बिनहाडाचं चिकन, गाजर, काकडी. दहा किलोच्या कुत्र्याला दिवसाला साधारण ६०० कॅलरी लागतात, त्यातला खाऊ दहा टक्क्यांच्या आत असावा. म्हणजे भाकरीचा तिसरा हिस्सा, तोही बावीस जणांचा मिळून.

पशुवैद्य, शाहूपुरी

---

दादा, माणसांच्या ताटाचं मी सांगते. बेत चांगला आहे, मोडू नका.

ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठात साधारण १० ग्रॅम प्रथिनं आणि जवळपास तेवढाच चोथा. ज्वारीत लायसिन हा प्रथिनांतला घटक कमी असतो, तो बेसन आणि मटकी भरून काढतात. म्हणून झुणका-भाकर ही जोडी पक्की. मटकी आठ तास भिजवून कापडात बारा ते चोवीस तास बांधली की लोह अडवून ठेवणारं फायटेट घटतं आणि लोह जास्त अंगी लागतं. उसळीवर लिंबू पिळायचंच, पण गॅसवरून उतरवल्यावर. उकळत्या रश्शात पिळलं तर क जीवनसत्त्व वाया जातं. जेवणावर लगेच चहा घेतला तर मिळवलेलं लोह निम्मं हातचं जातं. चहा तासाभरानं ठेवा.

अडचण मिठाची आहे. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमच्या आत राहा म्हणते, म्हणजे सपाट चमचाभर. खर्डा, लोणचं, पापड आणि फरसाण एकाच ताटात आलं की तो चमचा दुपारीच संपतो. चौघांतलं एकच ठेवा. तर्री वेगळ्या वाटीत काढा, ज्याला हवी त्यानं घ्यावी.

गुळाबद्दल आपल्याला माया आहे, मलाही. तरी तो बहुतांशी साखरच. शेंगदाण्याबरोबर लहान खडा ठीक, पण मधुमेही माणसाला ‘गूळ चालतो’ म्हणून आग्रह करू नका. महिन्यातून दोनदा नाचणीची भाकरी करा. १०० ग्रॅममध्ये ३५० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम आहे.

आहारतज्ज्ञ, मंडळाची आरोग्य समिती

---

जागेबद्दल थोडं, दादा.

आधी कुणाला दमा, अॅलर्जी किंवा भीती आहे ते नाव न घेता विचारा. एक खोली कायम बिनकुत्र्याची ठेवा, आणि ती एसीची चांगली खोली असू द्या, अडगळीची नव्हे. जेवणाच्या खोलीला दार हवं. कचऱ्याचा डबा पायानं उघडणारा, जड झाकणाचा. दाराशी चपला उघड्यावर नकोत. कोल्हापुरी चप्पल म्हणजे कमावलेलं कातडं, कुत्र्याला ते चघळायचं हाडच वाटतं. कप्प्यांचं बंद कपाट करा. फिनेलनं पुसलेली फरशी वाळल्याशिवाय कुत्रं आत घेऊ नका, ते पाय चाटतं.

कागदपत्रांत रेबीजची लस वर्षाच्या आतली आणि लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या जंतुसंसर्गाची) लसही पाहा. पावसाळ्यात पंचगंगा पात्राबाहेर आली की साचलेल्या पाण्यातून लेप्टो कुत्र्याला होतो आणि त्याच्या लघवीतून माणसालाही. त्या दिवसांत पाय पुसायचं कापड दारातच हवं. चावलंच तर वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा, वर मिरचीपूड-हळद काही नको, आणि त्याच दिवशी सीपीआर हे सरकारी रुग्णालय गाठा. कुत्र्याला लस आहे म्हणून घरी बसू नये.

एप्रिल-मेत दुपारी डांबरावर फिरवू नका. हाताची मागची बाजू पाच सेकंद टेकवत नसेल तर त्याचा पायही भाजतो.

ऑफिस व्यवस्थापन सांभाळणारी, मंडळ सभासद

---

आभार सगळ्यांचे. फलकावर असं लिहितोय : ‘कुत्र्याला मालकानं आणलेलाच खाऊ. जेवणातली फक्त भाकरी चालेल.’

राजारामपुरीचं ऑफिस

---

दुसरं वाक्य काढा. आपल्याकडे भाकरी रश्शात बुडवल्याशिवाय कुणाच्या हातून सुटत नाही.

पशुवैद्य, शाहूपुरी