छिद्राची कडही तपासावी लागते

फ्लो बेंच (इंजिनाच्या सिलिंडर हेडमधून किती हवा जाते ते मोजणारे यंत्र) एकाच ओरिफिस प्लेटवर, म्हणजे ठरावीक मापाचे छिद्र असलेल्या एकाच प्लेटवर, कॅलिब्रेट करणे पुरेसे आहे, छिद्राचा व्यास अचूक मोजला की झाले, असे एका चर्चेत म्हटले गेले. व्यासाचे महत्त्व मान्यच आहे, परंतु छिद्राच्या कडेचा विचार त्या चर्चेत राहून गेला आहे. तीक्ष्ण कडेच्या छिद्राचा डिस्चार्ज गुणांक (आदर्श हिशेबाच्या तुलनेत प्रत्यक्षात किती हवा जाते याचे प्रमाण) साधारण 0.6 धरतात, त्या हिशेबाने 40 मिमी छिद्रातून 28 इंच उंचीच्या पाण्याच्या स्तंभाइतक्या दाबफरकाला सेकंदाला सुमारे 80 लिटर हवा जाते. मात्र हवा शिरते त्या बाजूची कड जरा जरी गोलसर झाली तरी गुणांक वाढतो, आणि नरसाळ्यासारखे पूर्ण गोलाई दिलेले तोंड असेल तर तो 0.95 च्याही वर जातो.

लेथवर छिद्र केल्यानंतर हाताला कापू नये एवढ्याच हेतूने मी त्या कडेवरून पॉलिश पेपर फिरवला होता (सवय, दुसरे काय). प्लेटमधून प्रत्यक्षात जास्त हवा जात असताना मी ती 0.6 च्या हिशेबाने कमी धरली, त्यामुळे पुढे तपासलेले प्रत्येक सिलिंडर हेड कमी हवा सोडणारे भासू लागले, आणि पोर्टमध्ये (हेडमधील हवेच्या मार्गात) नसलेला दोष शोधण्यात दोन रविवार गेले. निराळ्या व्यासाची, कड न घासलेली दुसरी प्लेट लावली तेव्हाच आकडे जुळेनात आणि चूक उघड झाली. तत्पूर्वी बेंचचे तोंड पूर्ण बंद करून गळती मोजलेली असावी, अन्यथा दोन प्लेट्समधला फरक कडेचा की गळतीचा, हे ठरवता येत नाही.