कुजक्या शैवालातल्या माश्या

'किनाऱ्यावर कुजणारं शैवाल म्हणजे घाण, त्यात माश्या होतात, उचलून टाका' हे मत मला मुळीच पटत नाही. उत्तर अटलांटिकच्या किनाऱ्यांवरची सीलोपा फ्रिजिडा ही माशी घ्या (चावत नाही ती, बरं का). तिच्या अळ्या शैवाल कुजवणाऱ्या जिवाणूंवर पोसतात. कुजताना ढीग आतून गरम होतो, म्हणून बाहेर कडाक्याची थंडी असली तरी त्यांची वाढ चालू राहते.

वेळ मात्र बेताचाच. उधाणाची भरती पंधरवड्याने येते आणि अख्खा ढीग वाहून नेऊ शकते. खरी गंमत नरांमध्ये आहे. त्यांच्या एका गुणसूत्राचा मोठा तुकडा दोन रूपांत सापडतो, सुलट आणि उलट. एका रूपाचे नर धिप्पाड होतात, त्यांना माद्याही जास्त मिळतात, पण वाढायला वेळ लागतो. दुसऱ्या रूपाचे बारके, पण झटपट तयार होणारे. आईबापांकडून दोन वेगळी रूपं मिळालेल्या अळ्या जगण्यात सरस ठरतात, त्यामुळे कुठलंच रूप नाहीसं होत नाही. किती सुंदर आहे हे!

शिवाय टर्नस्टोनसारखे पक्षी चोचीने शैवाल उलथून याच अळ्या टिपतात. सफाई करायचीच असेल तर हाताने प्लास्टिक वेचा, शैवाल तिथेच राहू द्या.