राज्य मिळालं, आता पुढे काय? (बॅनरलॉर्ड आणि तसलेच मोकळे गेम खेळणाऱ्यांचे अनुभव)

लोकहो, विषय आहे माऊंट अँड ब्लेड २ बॅनरलॉर्ड, म्हणजे मध्ययुगी धाटणीच्या काल्पनिक जगात फौज जमवून लढायचा, व्यापार करायचा कॉम्प्युटर गेम. २०२० ला अर्ली ॲक्सेसमध्ये (अपुरा असतानाच विक्रीला) आला तेव्हापासून खेळतोय, २०२२ ला पूर्ण आवृत्ती आली तेव्हा परत पहिल्यापासून सुरू केला, आणि दरवेळी गाडी त्याच ठिकाणी अडते. सुरुवात झकास, म्हणजे लूटर्सची (भुरट्या लुटारूंची) दगडफेक चुकवत चुकवत चार माणसं जमवायची, पहिला बरा घोडा, पहिली टूर्नामेंट. क्लॅन टियर (आपल्या घराण्याची पायरी) दोन झाला की कोणाचा तरी सरदार व्हायचं, एखादा किल्ला पदरात पडतो, इथपर्यंतही मस्त. त्यानंतर मात्र वेढा, लढाई, तह, परत वेढा. ड्रॅगन बॅनरची कथा (गेमची मुख्य कथा) तर मी आता सुरूच करत नाही, थेट सँडबॉक्स मोड, म्हणजे कथेशिवाय मोकळा खेळ. गेम म्हणतो काय वाट्टेल ते कर आणि नेमकं तेव्हाच मला काही वाटेनासं होतं. ज्यांचा एकच सेव्ह (साठवलेला डाव) महिनोन् महिने चालतो त्यांनी लिहा प्लीज. टिप्स नकोत, त्या ढिगाने मिळतात, तुम्ही स्वतः कसं खेळता ते हवंय. वॉरबँडवाले (याच मालिकेतला जुना गेम), क्रुसेडर किंग्जवाले (पिढ्यान् पिढ्या राजघराणं चालवायचा गेम), सगळे चालतील.

----

मी सरदारकी घेतच नाही. व्यापार एके व्यापार. आपल्या माणसाला असेराई संस्कृती (गेममधले वाळवंटी लोक) घ्यायची, कॅरॅव्हॅन (व्यापारी तांडा) काढायला ३० टक्के स्वस्त पडते, आणि नकाशाभर हिंडायचं. एका गावात लोकर स्वस्त दिसली की कुठल्या शहरात खपेल हे डोक्यात ठेवायचं, आणि तिथे सगळा माल एकदम ओतायचा नाही कारण प्रत्येक नग विकला की भाव खाली येतो, तेव्हा थोडा इथे थोडा पुढच्या शहरात. युद्ध पेटलं की कॅरॅव्हॅन लुटली जाते, तिचा म्होरक्या कैदेत जातो, तेव्हा राजाराजांची भांडणं मला माझ्या पोटापाण्याची वाटतात, सरदार असताना कधी वाटली नव्हती. ट्रेड स्किल ३०० ला नेलं की शेवटचा पर्क (खास सवलत) मिळतो आणि सौद्यात चक्क शहर विकत घेता येतं. एक थेंब रक्त न सांडता शहर! तिथपर्यंत पोचायला प्रचंड वेळ लागतो, आणि मला तेच पाहिजे.

----

+१ व्यापाराला. फक्त स्मिथिंगच्या (शस्त्रं घडवण्याच्या) नादी लागू नका कोणी. एकदा चांगले सुटे भाग अनलॉक झाले की दोन हातांनी धरायची एक तलवार हजारो दिनारला जाते, दहा ठोकल्या की पैशाचा प्रश्न मिटला आणि पैशाचा प्रश्न मिटला की गेम मिटला. माझ्या मते हा गेम म्हणजे मुळात पगाराचा गेम आहे. रोज सकाळी सैन्याचा पगार वजा होतो ना, त्या आकड्याची भीती आहे तोवर रंगत.

----

अगदी अगदी. मी कायमचा भाडोत्री, क्लॅन टियर एक झाला की करार मिळतो तेवढा बास. नियम एकच केलाय, जो हरतोय त्याच्या बाजूने उभं राहायचं. सध्या स्टर्जियाकडे (गेममधलं बर्फाळ राज्य) आहे म्हणजे समजून घ्या. मागच्या आठवड्यातली लढाई सांगतो, समोर खुझाइतांचे (गवताळ प्रदेशातलं शत्रूराज्य) घोडेस्वार तिरंदाज, आमच्याकडे सगळं पायदळ, उघडं बर्फाळ मैदान. ढाली जोडून उभं केलं तर ते गोल गोल फिरत मागून बाण घालतात. म्हणून सगळ्यांना पार झाडीत मागे नेलं, घोड्यांचा वेग तुटला, मग एफ१ एफ३, म्हणजे हल्ल्याचा हुकूम! कुऱ्हाडवाले जे सुटलेत की बस. जिंकलो, पण निम्मी माणसं गेली आणि राजाने पुढच्याच वेढ्यात तो फायदा घालवला. पण मला त्याचं काय, किल्ला थोडीच माझा होता. करार संपला की नमस्कार.

----

आमच्याकडे वेगळंच. मी पात्रं मरण्याचा पर्याय चालू ठेवून खेळते, बरेच जण तो पर्याय बंद करतात तो मला अजिबात पटत नाही. या गेममध्ये वर्ष फक्त ८४ दिवसांचं असतं, चार ऋतू प्रत्येकी २१ दिवस, तरी मूल १८ चं होईपर्यंत जीव जातो, आणि म्हणूनच त्याची किंमत कळते. माझी पहिली नायिका बॅटेनियाची (गेममधलं जंगली राज्य), जंगलातल्या किल्ल्यांच्या गावांतून उच्चकुलीन पोरं गोळा करून फियान चॅम्पियन्स (तिथले अव्वल तिरंदाज) बनवणारी, धनुष्यात पटाईत. ती लढाईत गेली आणि वारस म्हणून मुलगा हातात आला तर त्याला धनुष्य धड धरता येत नव्हतं, होता काय तर बोलण्यात हुशार! मग अख्खी खेळायची पद्धत बदलली, लढाया बहिणीकडे आणि हा दरबारात इन्फ्लुएन्स (वजन) जमवत बसलेला. आईने ज्या घराण्याशी वैर घेतलं होतं तिथलीच सून आणली. हे कुठल्याही कथेत लिहिलेलं नव्हतं हो, आपोआप घडलं. सेव्ह एकच ठेवते, मागे जाणं नाही.

----

क्रुसेडर किंग्ज ३ वाला बोलतोय. वरच्या ताईंना जे बॅनरलॉर्डमध्ये सापडलं तो आमच्याकडे अख्खा गेमच आहे. १०६६ ला आयर्लंडमधला एखादा फुटकळ सरदार घ्या, जन्मभर एकेक जमीन जोडा, आणि मेलात की सुरुवातीच्या वारसा कायद्याने सगळं मुलांमध्ये वाटलं जातं. मग मोठ्याने धाकट्यांशी लढायचं. नवीन लोक याच्यावर जाम चिडतात आणि इंटरनेटवर उपाय शोधतात (जास्तीच्या मुलांना मठात पाठवा वगैरे), मी शोधत नाही. राज्य फुटतं म्हणूनच तर पुढची पिढी खेळावीशी वाटते, १४५३ पर्यंत नुसतं वाढतच गेलं तर हिशेबाची वही उरेल. २०२४ च्या रोड्स टू पॉवरपासून तर बिनजमिनीचा भटक्या म्हणूनही खेळता येतं, एकदा राज्य पूर्ण गमावून तसाच रस्त्यावर आलो आणि सगळ्यात जास्त मजा तिथे आली.

----

मी वॉरबँडवरून हललोच नाही. २०१० चा गेम, चेहरे बटाट्यासारखे, तरी चालू आहे. कारण मॉड, म्हणजे चाहत्यांनी केलेले बदल. प्रॉफेसी ऑफ पेंडोर टाका, स्नेक कल्टची (सर्पपूजक शत्रूंची) फौज क्षितिजावर दिसली की राज्य, जहागीर सगळं विसरून पळायचं, कंटाळा यायला उसंत कुठे आहे. आणि मूळ गेममध्ये लग्नासाठी दारूच्या गुत्त्यात गवयांकडून कविता विकत घेऊन शिकता यायच्या, ते नव्या गेममध्ये गेलं याचं मला अजून दुःख आहे.

----

सोडून द्या की राव. कंटाळा आला की नवीन माणूस काढायचा. मला पहिले तीस-चाळीस तासच आवडतात, पुढचं राज्यबिज्य मी कधी पाहिलंही नाही, पाहायचंही नाही. गेम संपवलाच पाहिजे हे कोणी सांगितलं?

----

धागाकर्ता परत. सगळ्यांचे आभार, भाडोत्री वाला प्रकार आज रात्रीच करून बघतो, स्टर्जियापासूनच. एक शंका, किल्ला नाही, गाव नाही, मग लग्न केलं तर बायको राहते कुठे?

----

भाडोत्री इकडे. कुठल्यातरी शहरात बसलेली असते, मी तिला पार्टीतच घेतो. चांगली भालाईत निघाली, पगार मागत नाही.