दाणेदार १५:१५:१५ खत पाण्यात विरघळवून कुंडीतल्या भाज्यांना द्यावे का?

नमस्कार. नाशिकला आमच्या गच्चीवर बारा इंची कुंड्यांत टोमॅटो, वांगी आणि मिरची अशी अठरा रोपे आहेत. माती, कोकोपीट आणि गांडूळखत समप्रमाणात घेऊन ती लावली. महिना-दीड महिना रोपे जोमाने वाढली. पण टोमॅटोला कळ्या धरू लागल्या तशी खालची पाने फिकट पिवळी पडू लागली. नुसत्या गांडूळखतावर भागत नसावे असे समजून मी गावी काकांनी कांद्यासाठी आणलेल्या १५:१५:१५ च्या (नत्र म्हणजे नायट्रोजन, स्फुरद म्हणजे फॉस्फरस आणि पालाश म्हणजे पोटॅश प्रत्येकी १५ टक्के) पोत्यातून किलोभर खत आणले.

कुंडीत दाणे टाकले तर ते एका जागी विरघळून मुळांना चटका बसेल, या भीतीने ६० ग्रॅम खत १५ लिटर पाण्यात रात्रभर भिजत घातले. सकाळी पाणी गढूळ झाले होते, तळाला बोटांना रेतीसारखा लागणारा गाळ बसला होता आणि काही दाणे आकार न सोडता नुसतेच मऊ पडले होते. वरचे पाणी गाळून प्रत्येक कुंडीला अर्धा लिटर दिले आणि उत्साहाच्या भरात चार दिवसांनी पुन्हा तेच केले. आता टोमॅटोच्या पानांच्या कडा करपल्या आहेत आणि कुंड्यांच्या काठाशी मातीवर मिठासारखा पांढरा थर आला आहे. वांगी मात्र उलट अधिक हिरवी दिसतात, त्यामुळे माझा गोंधळ वाढला आहे.

१९:१९:१९ या विद्राव्य (पाण्यात पूर्ण विरघळणाऱ्या) खताची फवारणी लिटरला ५ ग्रॅमने करतात असे ऐकले होते. त्या मानाने कमी तीव्रतेचे खत लिटरला ४ ग्रॅम म्हणजे मवाळच, असा माझा हिशेब होता. तो कुठे चुकला? गाळात स्फुरद वाया गेले का? उरलेले खत असेच संपवता येईल, की विद्राव्य खतच घ्यावे?

प्रतिसाद:
फवारणीचे प्रमाण आपण आळवणीला (मुळाशी द्रावण ओतण्याला) लावलेत, चूक तिथे झाली. फवारणीत पानांवर थोडेच द्रावण टिकते. कुंडीत मात्र अर्धा लिटर द्रावण मातीत मुरते, पाणी उडून जाते आणि क्षार मागे साचतात. लिटरला ४ ग्रॅम म्हणजे ६०० मिलिग्रॅम नत्र होते, तर कुंडीतल्या भाज्यांना १०० ते २०० पुरते. त्यामुळे लिटरला १ ग्रॅम, पंधरवड्यातून एकदा आणि तेही ओल्या मातीतच द्यावे.

या खतातील स्फुरदाचा बराच भाग पाण्यात विरघळत नाही, तो गाळातच राहतो. म्हणून गाळ फेकू नका, कंपोस्टच्या ढिगात मिसळा. किलोभर खत संपवायला हरकत नाही. मात्र ठिबकची नळी किंवा फवारणी पंप असेल तर त्यात हे पाणी घालू नका, छिद्रे बुजतील. तिथे विद्राव्य खतच हवे.

आज पांढरा थर खरवडून काढा आणि तळाच्या छिद्रातून भरपूर पाणी वाहून जाईपर्यंत प्रत्येक कुंडीला दोन-तीनदा साधे पाणी द्या. त्यानंतर पंधरा दिवस कोणतेही खत नको. करपलेल्या कडा पुन्हा हिरव्या होणार नाहीत, तेव्हा शेंड्याची नवी पाने कशी येतात ते पाहूनच पुढची मात्रा ठरवा.