२०२५चे माझे चित्रपट-मालिका पुरस्कार, नियमांसकट

पहिला_खेळ (धागाकर्ता) :
आधी नियम, मग नावं. चित्रपट २०२५मध्ये मुंबईच्या थिएटरात तिकीट लावून लागलेला हवा, महोत्सवातला खेळ धरलेला नाही. मालिकेचा अख्खा सीझन याच वर्षात आलेला हवा आणि सगळे भाग बघितल्याशिवाय नाव द्यायचं नाही. ध्वनी आणि छायाचित्रणाचे पुरस्कार फक्त मोठ्या पडद्यावर पाहिलेल्यांना.

चित्रपट : 'साबर बोंडं'. दिग्दर्शन : जयंत सोमलकर, 'स्थळ'. अभिनेत्री : नंदिनी चिकटे, 'स्थळ'. अभिनेता : भूषण मनोज, 'साबर बोंडं'. हिंदी : 'होमबाउंड'. मालिका : 'अ‍ॅडोलसन्स', भारतीयांत 'ब्लॅक वॉरंट'. सगळ्या नटसंचाला मिळून एक : 'आता थांबायचं नाय!'.

'साबर बोंडं' का? वडील गेल्यावर मुंबईचा आनंद दहा दिवसांसाठी गावी जातो आणि येणारा प्रत्येक नातेवाईक त्याच्या लग्नाची चौकशी करतो. दिग्दर्शक रोहन कानवडे यांनी पार्श्वसंगीताची कुबडी घेतलेली नाही, त्यामुळे शांततेतला अवघडलेपणा प्रेक्षकालाही सोसावा लागतो. अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात जागतिक विभागातला ग्रँड ज्युरी पुरस्कार मिळाला म्हणून हे नाव दिलेलं नाही, तो नसता मिळाला तरी हेच दिलं असतं.

चौथी_रांग :
अहो, आणि दिलीप प्रभावळकर? 'दशावतार' आला तेव्हा माणूस ८१ वर्षांचा होता. त्यातल्या त्यांच्या बाबुली मेस्त्रीची दृष्टी अधू होत चाललीय, पण रंगमंच सुटत नाही. उत्तरार्धात तो एकेका सोंगात शिरतो, आणि सोंग बदललं की चाल, मान आणि आवाजाची पट्टी तिन्ही बदलतात. एका भूमिकेत चार-पाच भूमिका. भूषण मनोज छान आहेत, कबूल. पण गप्प बसणं म्हणजेच अभिनय, हा महोत्सवी मंडळींचा जुना रोग आहे.

पहिला_खेळ :
प्रभावळकर माझ्या यादीत दुसरे आहेत. पण सोंगांच्या प्रसंगांत निम्मं श्रेय रंगभूषा, वेशभूषा आणि प्रकाशयोजनेचं. ते बाजूला ठेवा आणि बाप-लेकाचे घरातले साधे प्रसंग बघा. त्यांचं खरं काम तिथं आहे आणि पटकथा नेमकी तिथंच घाईत असते. भूषण मनोज यांच्या आनंदला तशी एकही पळवाट नाही. तो बहुतेक प्रसंगांत माणसांच्या गराड्यात आहे, मनातलं बोलू शकत नाही आणि कॅमेरा हलत नाही. त्यात एक खोटी भुवई उडाली असती तरी दिसली असती.

चौथी_रांग :
पटकथेच्या घाईची शिक्षा नटाला? हा कुठला न्याय!

कॅलेंडरवाली :
मला नावांपेक्षा पहिल्या नियमाशी भांडायचंय. 'स्थळ' टोरंटोच्या महोत्सवात सप्टेंबर २०२३मध्ये दाखवला गेला, तिथं त्याला आशियाई चित्रपटांसाठीचा नेटपॅक पुरस्कारही मिळाला, आणि आपल्याकडे तो ७ मार्च २०२५ला लागला. मग तो २०२५चा कसा?

प्रत्येक पुरस्काराचं वर्ष वेगळं असतं. राष्ट्रीय पुरस्कार सेन्सॉर प्रमाणपत्राची तारीख धरतात. म्हणून १३ जानेवारी २०२३ला लागलेली 'वाळवी' २०२२ची सर्वोत्कृष्ट मराठी ठरली. 'पाणी'ला २०१८चा पर्यावरणविषयक पुरस्कार होता आणि चित्रपट थिएटरात आला १८ ऑक्टोबर २०२४ला. ऑस्करच्या आंतरराष्ट्रीय विभागाचं यंदाचं वर्ष १ ऑक्टोबर २०२४ ते ३० सप्टेंबर २०२५ असं होतं आणि थिएटरात सलग सात दिवस चालण्याची अट होती. 'होमबाउंड' २६ सप्टेंबरला, शेवटच्या शुक्रवारी का आला, हे यावरून लक्षात येईल. एमीचं, म्हणजे अमेरिकेतल्या टीव्ही पुरस्कारांचं, वर्ष जून ते मे. १३ मार्चला आलेली 'अ‍ॅडोलसन्स' म्हणूनच त्याच सप्टेंबरच्या सोहळ्यात बसली.

माझ्या मते वर्ष पहिल्या जाहीर खेळाचं धरावं, मग तो जगात कुठेही होवो. दिग्दर्शकानं चित्रपट पुरा केला ते वर्ष खरं, वितरकाला स्क्रीन मिळाला ते नव्हे.

पहिला_खेळ :
तुमच्या नियमानं 'स्थळ' २०२३च्या यादीत जाईल. ती यादी २०२३च्या डिसेंबरात करणाऱ्या मुंबईकराला तो बघायला मिळणार कुठे? दोन वर्षांनी जुनी यादी उघडून त्यात नाव घुसडायचं का? संस्थांकडे परीक्षक असतात, त्यांच्यासाठी खास खेळ लावतात. एकट्या प्रेक्षकाचं वर्ष त्याच्या शहरातल्या तिकीटखिडकीवरच ठरतं. त्यातून २०२५ला मुंबईचा मामि चित्रपट महोत्सवही झाला नाही, म्हणजे तीही वाट बंद.

कॅलेंडरवाली :
बरं, पण मग यादीत नावापुढे दोन तारखा लिहा, पहिल्या खेळाची आणि मुंबईतल्या प्रदर्शनाची. वाचणाऱ्याची फसगत होणार नाही.

पहिला_खेळ :
मान्य. आज रात्री घालतो.

संकलन_मेज :
'अ‍ॅडोलसन्स'बद्दल. चारही भाग प्रत्येकी एका सलग शॉटमध्ये आहेत, त्यामुळे यंदा सगळीकडे 'वा, काय तंत्र!' चाललंय. मला हा पुरस्कार तंत्रासाठी अजिबात पटत नाही. आधी ते कसं केलं ते बघा. प्रत्येक भागाची आधी नटांची तालीम, मग कॅमेऱ्यासकट तालीम, आणि नंतर पाच दिवस रोज दोन टेक असा बेत. टेक मध्येच फसला की सोडून पुन्हा पहिल्यापासून. पहिल्या भागाचा दुसरा टेक वापरलाय, दुसऱ्याचा तेरावा, तिसऱ्याचा अकरावा, चौथ्याचा सोळावा. दुसऱ्या भागाच्या शेवटी कॅमेरा माणसाच्या हातातून ड्रोनला अडकवतात, तो उडतो आणि खाली आल्यावर पुन्हा हातात घेतात. कसरत म्हणून शंभर गुण.

पण कात्री नसली की सुस्तपणाही कापता येत नाही. शाळेच्या भागात एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाणारे पोलीस बघा. तो वेळ कथेला नको होता, कॅमेऱ्याला पोचायला हवा होता. 'ब्लॅक वॉरंट'चे सात भाग साध्या संकलनानं तिहारमधली वर्षं पुढे सरकवतात आणि कंटाळा येत नाही. त्याला कोणी तंत्र म्हणणार नाही, कारण ते दिसत नाही.

चौथी_रांग :
शाळेपुरतं बरोबर. पण तिसरा भाग? एक खोली, मुलगा आणि मानसशास्त्रज्ञ. तिथं कात्री लावली असती तर मुलाचा आवाज चढायला लागल्यावर तुम्ही लगेच तिचा चेहरा दाखवून प्रेक्षकाला मोकळं केलं असतं. इथं कॅमेरा टेबलाभोवती फिरून तिच्यापर्यंत पोचेस्तोवर थांबावं लागतं. आणि मुलाचं काम करणाऱ्या ओवेन कूपरचं हे पहिलंच काम, त्यातही सगळ्यात आधी हाच भाग चित्रित झाला. मध्येच त्याला जांभई येते आणि मानसशास्त्रज्ञ झालेली एरिन डोहर्टी ती आयत्या वेळी संवादात घेते. टेक तोडायची सोय असती तर ती जांभई पहिली उडाली असती.

संकलन_मेज :
मग पुरस्कार तिसऱ्या भागाला द्या, अख्ख्या मालिकेला कशाला?

आवाज_कमी :
तिसऱ्या नियमावर कोणीच बोललं नाही. ध्वनीचा पुरस्कार फक्त थिएटरातल्या चित्रपटाला, म्हणजे मालिका बादच. हे चूक आहे, घरचा टीव्ही नीट लावला तर मालिकेचा ध्वनीही जोखता येतो. संवाद पुटपुटल्यासारखे आणि गाणी कानठळ्या बसवणारी, ही तक्रार बहुतेक वेळा ५.१चा, म्हणजे सहा चॅनलांचा, ट्रॅक टीव्हीच्या दोन स्पीकरांवर वाजवल्यानं येते. संवाद मधल्या चॅनलमध्ये असतात आणि दोन स्पीकरांत मिसळताना दबतात. ऑडिओच्या यादीत ५.१ न लिहिलेला ट्रॅक निवडा. चित्राच्या सेटिंगमध्ये हालचाल गुळगुळीत करणारा पर्याय बंद करा. प्रत्येक कंपनी त्याला वेगळं नाव देते, म्हणून फिल्ममेकर मोड असेल तर सरळ तोच लावा. नाहीतर सेकंदाला २४ चौकटींच्या मध्ये टीव्ही स्वतःच्या चौकटी घुसडतो, सगळं डेली सोपसारखं दिसतं आणि दोष छायाचित्रकाराच्या माथी. फोनवर बघून ध्वनीबद्दल बोलणाऱ्यांशी मात्र चर्चाच नको.

पहिला_खेळ :
नियमात बदल करतो : टीव्ही नीट लावून पाहिलेली मालिका ध्वनीला चालेल. छायाचित्रणाला नाही.

तिसरा_गुरुवार :
तुमचा थिएटरचा हट्ट ऐकायला बरा. १२ सप्टेंबरला 'दशावतार', 'आरपार' आणि 'बिन लग्नाची गोष्ट' असे तीन मराठी चित्रपट एकाच दिवशी आले. पुढच्या शुक्रवारी 'साबर बोंडं', आणि समोर 'जॉली एलएलबी ३'. चाललेल्या 'दशावतार'चे खेळ कोण कमी करणार? शनिवार-रविवारी खुर्च्या भरल्या नाहीत की सोमवारपासून खेळ उडतात किंवा सकाळी साडेनऊला ढकलतात. नोकरदार माणूस तो बघणार कधी? दादर, ठाणे, डोंबिवलीत निदान संध्याकाळचा एखादा खेळ टिकतो, अंधेरीच्या पुढे आनंदच. पहिल्या चार दिवसांत बघणाऱ्यांनाच पुरस्कार देता येतील, असा तुमचा नियम झालाय.

पहिला_खेळ :
म्हणूनच तर नियम ठेवलाय. ओटीटीवर आल्यावर बघून दिलेली शाबासकी त्या सोमवारचा खेळ वाचवत नाही.

तिसरा_गुरुवार :
तुमच्या यादीनंही नाही वाचवला, ती डिसेंबरात आली.

कॅलेंडरवाली :
ते जाऊ द्या. सहायक अभिनेत्रीचा रकाना कुठाय? 'साबर बोंडं'मध्ये आईचं काम करणाऱ्या जयश्री जगताप यांच्याशिवाय ही यादी मी अपुरीच धरते.